मायग्रेन : पित्त नव्हे, मेंदूचा आजार

डोके एका बाजूने ठणकू लागते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो, शेवटी एक कडूजहर उलटी होते आणि मग झोप लागून बरे वाटते. महिन्यातून एक-दोनदा हे होत असेल तर आपल्याकडे घरात त्याला सहसा एकच नाव मिळते : पित्त. मग सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी सुरू होते, कोकमाचे सरबत होते, मोरावळा होतो, तिखट बंद होते. डोके मात्र दुखायचे तेव्हा दुखतेच. मायग्रेनसाठी न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत येणाऱ्यांपैकी कितीतरी जण दहा-पंधरा वर्षे पित्तावर उपचार करून आलेले असतात. उरलेल्यांपैकी काहींनी चष्म्याचा नंबर दोन-तीनदा तपासलेला असतो, काहींनी सायनसचे एक्स-रे काढलेले असतात, तर काहींच्या मानेला पट्टा असतो.

तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या डोकेदुखीची कहाणी अशी असेल तर पुढचे सावकाश वाचा. आजाराचे नाव चुकले की उपचार चुकतात. त्याहून वाईट म्हणजे, मधल्या वर्षांत मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची सवय लागते आणि तीच नवी डोकेदुखी होऊन बसते.

पित्तच का वाटते?

मराठीत या आजाराला ‘अर्धशिशी’ हा नेमका शब्द पूर्वीपासून आहे. तरी घरोघरी पित्ताचेच नाव निघते, याला कारण आहे. मायग्रेनच्या अटॅकमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली, मळमळ आणि उलटी घडवून आणणारी केंद्रे चेतवली जातात. त्याच वेळी जठराची हालचाल मंदावते, खाल्लेले पुढे सरकत नाही. पोट रिकामे असताना उलटी झाली तर पिवळे, कडू पाणी पडते आणि ते पाहून ‘पित्त पडले’ याबद्दल कुणाची शंका उरत नाही. त्यातच अनेकांना उलटी अटॅकच्या शेवटाकडे होते, म्हणून उलटीनेच डोके थांबले असे वाटते. काही जण तर घशात बोटे घालून उलटी काढतात. ते करू नका. उलटी हे या आजाराचे लक्षण आहे, कारण नाही. पोटातले आम्ल वर चढून डोके दुखत नसते.

सायनसचेही असेच. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नावाची नस मायग्रेनमध्ये उत्तेजित होते आणि तिच्या प्रतिक्रियेने डोळ्यांतून पाणी येते, नाक चोंदते, कपाळ आणि गाल जड होतात. खऱ्या सायनसच्या संसर्गात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, बहुधा ताप असतो, वास कमी येतो. आणि तो दर महिन्याला दोन दिवस येऊन आपोआप निघून जात नाही. मानेचे म्हणाल तर मान आखडणे ही अनेकांमध्ये अटॅकची सुरुवातच असते. एक्स-रेमध्ये चाळिशीनंतर बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच, तिचा या डोकेदुखीशी संबंध असेलच असे नाही.

मेंदूत नेमके काय होते?

मायग्रेन असलेल्या मेंदूची रचना बिघडलेली नसते. त्याची संवेदनशीलता जास्त असते. इतरांचा मेंदू ज्या प्रकाशाची, वासाची, झोपमोडीची थोड्या वेळाने दखल घेणे सोडून देतो, त्याची हा मेंदू पुन्हा पुन्हा दखल घेत राहतो. हा स्वभाव बऱ्याच अंशी अनुवंशिक असतो. आई, मावशी, आजी यांच्यापैकी कुणाला ‘पित्ताची डोकेदुखी’ होती का, हे विचारून पाहा.

अटॅक डोके दुखण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. काही तास, कधी एक-दोन दिवस आधी जांभया येतात, चिडचिड होते, काहीतरी गोड खावेसे वाटते, लघवीला जास्त जावे लागते. झोप, भूक आणि शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमस या भागात त्या वेळी बदल सुरू झालेले असतात. ‘आज माझे डोके दुखणार’ हे जिला आदल्या दिवशी कळते ती मनाचे खेळ सांगत नसते.

सुमारे चौथा हिस्सा रुग्णांना यानंतर ‘ऑरा’ येतो. डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेघा, मध्येच न दिसणारा डाग, हात किंवा ओठांना सरकत जाणाऱ्या मुंग्या, कधी शब्द न सुचणे. हे हळूहळू पसरते आणि बहुधा पाच मिनिटे ते तासाभरात ओसरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशले यांनी १९४१ मध्ये स्वतःच्याच ऑराची चित्रे वेळ लावून काढली आणि हिशेब केला, की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर वेगाने सरकत असावे. तीनच वर्षांनी ब्राझीलचे अरिस्तिदेस लेआंव यांना सशाच्या मेंदूवर जवळपास त्याच वेगाने सरकणारी विद्युत लाट प्रत्यक्ष सापडली. तीच ऑराच्या मुळाशी आहे असे आज आपण मानतो.

मग वेदना. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखते ते त्याच्या आवरणाला आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना. ट्रायजेमिनल नसेची टोके तिथे पोहोचलेली असतात. त्या टोकांतून सीजीआरपी नावाचे प्रथिनासारखे एक छोटे रसायन सुटते आणि वेदनेचा संदेश तीव्र होतो. या शोधामुळे मायग्रेनवरची अगदी नवी औषधे तयार झाली आणि त्यावर काम करणाऱ्या चार शास्त्रज्ञांना २०२१ मध्ये ‘ब्रेन प्राइझ’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. अटॅक लांबला की त्वचासुद्धा हळवी होते. केस विंचरताना, वेणी बांधताना, चष्म्याची काडी टेकतानाही दुखते. डोके थांबल्यावर पुढचा दिवसभर गळून गेल्यासारखे वाटते, लक्ष लागत नाही. हाही अटॅकचाच भाग आहे, आळस नव्हे.

आता ‘एमआरआय नॉर्मल आहे, मग दुखते कसे?’ या प्रश्नाचे उत्तर सोपे होईल. एमआरआय रचना दाखवतो. इथे बिघाड कामकाजात आहे. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे दुखणे खोटे, असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

निदान कसे होते?

बोलण्यातून. रक्ताची कोणतीही तपासणी मायग्रेन दाखवत नाही. अशी डोकेदुखी किमान पाच वेळा झालेली असणे, औषध न घेतल्यास ती चार तास ते तीन दिवस टिकणे. एका बाजूला दुखणे, ठणकणे, काम थांबवण्याइतकी तीव्रता आणि जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणे यांपैकी दोन गोष्टी. आणि सोबत मळमळ-उलटी, किंवा उजेड व आवाज दोन्ही सहन न होणे. एवढे जुळले, तपासणीत दुसरे काही सापडले नाही, की निदान पक्के. दोन्ही बाजूंनी दुखले तरी मायग्रेन असू शकते, लहान मुलांत तर बहुधा तसेच असते. मुलांचे अटॅक आखूडही असतात. काही मुलांचे डोके न दुखता पोटच दुखते, आणि गाडी लागणारी बरीच मुले पुढे मायग्रेनची रुग्ण होतात.

तुम्ही एकटे नाही हेही सांगायला हवे. कर्नाटकात घरोघरी जाऊन केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांपैकी जवळजवळ २५ टक्क्यांना वर्षभरात मायग्रेन झालेले आढळले. जगभरात आयुष्यातले दिवस निकामी करणाऱ्या आजारांमध्ये २०१९ च्या मोजणीत मायग्रेन दुसऱ्या क्रमांकावर होते, तरुण स्त्रियांमध्ये पहिल्या.

कशाने सुरू होते?

अतिसंवेदनशील मेंदूला बदल आवडत नाही, हे एक वाक्य लक्षात ठेवले तर ट्रिगरची लांबलचक यादी पाठ करावी लागत नाही. जेवण चुकणे, झोप कमी होणे आणि रविवारी दुपारपर्यंत लोळल्याने झोप जास्त होणे, पाळी येण्याच्या आधीचे एक-दोन दिवस, एप्रिल-मेचे ऊन, एसटीचा लांबचा प्रवास, परीक्षा किंवा लग्नघर आटोपल्यानंतरचा पहिला मोकळा दिवस, उदबत्ती, अत्तर, रंग किंवा डिझेलचा उग्र वास. आपल्याकडे आणखी एक आहे जे पाश्चात्त्य पुस्तकांत फारसे सापडत नाही : डोक्यावरून आंघोळ. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्यावर अटॅक येणाऱ्या ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे २००६ मध्ये प्रसिद्ध केली. असा अनुभव असेल तर उपाशीपोटी, घाईच्या सकाळी न्हाऊ नका आणि केस तासन्तास ओले ठेवू नका.

उपासाबद्दल थोडे अधिक. संकष्टीला दिवसभर उपास, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊला, आणि तोपर्यंत दोन-चार कप चहा. दुसऱ्या दिवशी ओपीडीत येणारी डोकेदुखी आम्ही आता ओळखतो. उपास सोडा असे मी रुग्णांना सांगत नाही. सांगून कुणी सोडतही नाही. पण निर्जळी करू नका, दर तीन तासांनी फळ, दूध, ताक, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे असे काही पोटात जाऊ द्या, पाणी भरपूर प्या. औषधे चालू असतील तर ती उपासालाही घ्यायची असतात. रमजानच्या रोज्यात किंवा पर्युषणाच्या उपवासांत दिवसा काही घेता येत नाही, त्यांनी महिनाभर आधीच डॉक्टरांशी बोलून औषधांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

खाण्याच्या पथ्याबाबत मात्र मी जरा सावध आहे. चॉकलेट, चीज, आंबट, लोणची अशा याद्या वाचून काही जण सगळेच बंद करतात आणि अर्धपोटी राहून जास्त अटॅक ओढवून घेतात. अटॅकच्या आधी गोड खावेसे वाटते हे वर सांगितले. म्हणजे चॉकलेट खाल्ल्याने डोके दुखले असे वाटते तेव्हा खरा क्रम बरेचदा उलटा असतो : अटॅक सुरू झाला होता, म्हणून चॉकलेट खावेसे वाटले. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी काही तासांत डोके दुखत असेल तेवढाच टाळा.

हे ओळखायला नोंद लागते. त्यासाठी वेगळी वही नको. स्वयंपाकघरातल्या ज्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिता त्याच चौकोनात, डोके दुखले त्या दिवशी एक फुली, गोळी घेतली तर शेजारी एक टिंब, आणि पाळीच्या तारखेभोवती गोल. तीन महिन्यांत तुमच्या आजाराचा नकाशा तयार होतो.

अटॅक आला की

गोळी लवकर घ्या. ‘सहन होईना तेव्हाच घेते’ हे कौतुकाने सांगितले जाते, पण तोवर जठर मंदावलेले असते आणि गोळी पोटातच पडून राहते. वेदनेची साखळीही पक्की झालेली असते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन यांपैकी काय आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्या, कारण अर्धवट मात्रेत घेतलेली गोळी अटॅक थांबवत नाही आणि तीन तासांनी दुसरी घ्यायला लावते. अल्सर, किडनीचा आजार, दमा असेल तर पॅरासिटामॉल सोडून बाकीच्या दोन गोळ्या परस्पर घेऊ नका. मळमळ असेल तर डोंपेरिडोनसारखे औषध सोबत दिले जाते. त्याने उलटी थांबते आणि जठर हलते, त्यामुळे वेदनाशामकही पुढे सरकते.

एवढ्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधे आहेत. ती वेदना सुरू होताच घ्यायची. हृदयविकार, पक्षाघात होऊन गेलेल्यांना किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांना ती देत नाहीत. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टानची मात्रा कमी करावी लागते, म्हणून चालू औषधांची यादी लपवू नका. एर्गोटामिन असलेली संयुक्त गोळी आपल्याकडे अजून सर्रास खाल्ली जाते. ती हातापायांचा रक्तपुरवठा कमी करू शकते, काही अँटिबायोटिक्सबरोबर धोकादायक ठरते आणि गरोदरपणात पूर्ण वर्ज्य आहे. मेडिकलवाल्याने ओळखीने दिली म्हणून ती घेऊ नका.

गोळीच दुखवू लागते तेव्हा

या लेखातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस. ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा कॅफिन वगैरे मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस. असे तीन महिन्यांहून जास्त चालले की मायग्रेनच्या रुग्णाचा मेंदू आणखी हळवा होतो आणि जवळजवळ रोज डोके दुखू लागते. पहाटे जाग येते तीच डोके जड घेऊन. गोळी घेतली की चार तास बरे, मग पुन्हा तेच. पर्समध्ये, ऑफिसच्या खणात, देवघराच्या फळीवर पाकीट ठेवलेले असते आणि त्याशिवाय घराबाहेर पडायची भीती वाटते. हे व्यसन आहे असे समजून लाजू नका. गंमत म्हणजे गुडघेदुखीसाठी त्याच गोळ्या रोज खाणाऱ्या, पण मुळात मायग्रेन नसलेल्या माणसाला सहसा ही डोकेदुखी होत नाही.

उपाय एकच, ती गोळी थांबवणे. पहिले काही दिवस, कधी आठ-दहा दिवस, डोके आधीपेक्षा जास्त दुखते, मळमळते, झोप लागत नाही. नेमके इथेच बहुतेक जण एकट्याने प्रयत्न करून हार मानतात. डॉक्टरांच्या मदतीने केले तर त्या दिवसांसाठी पर्यायी औषध देता येते आणि प्रतिबंधक औषध सुरू करता येते. पुढच्या काही आठवड्यांत बहुतेकांची रोजची डोकेदुखी मोडते आणि मूळचे, मोजता येणारे अटॅक उरतात. मात्र ट्रामाडॉल किंवा झोपेच्या गोळ्या रोज चालू असतील तर त्या एकदम बंद करू नका, त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. रोजच्या व्यवहारासाठी नियम सोपा ठेवा : वेदनाशामक आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही. कालनिर्णयवरची टिंबे मोजायची ती यासाठीच.

रोज घ्यायची औषधे

महिन्यात चार किंवा अधिक दिवस वाया जात असतील, किंवा अटॅक थोडे पण फार जोराचे असतील, तर अटॅक येऊच नयेत म्हणून रोज औषध घेण्याचा विचार होतो. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची नावे. इंटरनेटवर शोधल्यावर ती रक्तदाबाची, डिप्रेशनची किंवा फिटची औषधे निघतात आणि घरात घबराट होते. औषध तेच असले तरी इथे हेतू वेगळा आणि मात्रा बहुधा कमी असते. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढते, झोप येते, क्वचित मन उदास होते. टोपिरामेटने हाताला मुंग्या येतात. गर्भधारणा होण्याची शक्यता असेल तर टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट ही दोन्ही औषधे बाळाला घातक ठरू शकतात, म्हणून हे डॉक्टरांना न विचारताच सांगा. फरक पडायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत औषध सोडून दुसरा डॉक्टर गाठणे हे औषध ‘लागू न पडण्याचे’ सर्वांत सामान्य कारण आहे. अटॅक निम्मे झाले तर उपचार यशस्वी. कायमचा नायनाट करण्याचा दावा कुणी करत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

सीजीआरपीला अडवणारी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळतात, पण महाग आहेत. महिन्यातले निम्मे दिवस डोके दुखणाऱ्यांसाठी बोटॉक्सचाही उपयोग होतो.

स्त्रियांसाठी

वयात आल्यानंतर मायग्रेन स्त्रियांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते. पाळीपूर्वी इस्ट्रोजेनची पातळी घसरते तेव्हा अटॅक येतात. पाळी नियमित असेल तर फक्त त्या चार-पाच दिवसांपुरते औषध देता येते. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून अनेकींना आराम पडतो, तरीही त्या काळात पॅरासिटामॉलखेरीज काहीही विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑरा येत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळायच्या, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. तंबाखू आणि मिशेरीही सोडा. पाळी जाण्याच्या आधीची वर्षे त्रासाची असतात, नंतर बहुतेकींचे अटॅक कमी होतात.

थांबू नका, लगेच दाखवा

काही डोकेदुखी मायग्रेन नसते आणि तिथे वेळ दवडून चालत नाही. क्षणात कळसाला पोहोचलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी. ताप आणि मान ताठ होणे. हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, शुद्ध हरपणे किंवा फिट. डोक्याला मार लागल्यानंतरचे दुखणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले. खोकल्याने किंवा आडवे पडल्यावर वाढणारे आणि आठवड्यागणिक चढत जाणारे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतली नवी डोकेदुखी वाऱ्यावर किंवा पित्तावर ढकलू नका. त्या काळात मेंदूतल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि वेळेत कळली तर ती बरी होते.

घरच्यांनी काय करावे?

अंधारी खोली, बंद दार, शेजारी पाणी आणि एक भांडे. फोडणी थोड्या वेळाने घाला. डोके चेपून हवे का ते विचारा; काहींना स्पर्शही नको असतो. ‘परत दुखतंय?’ हा प्रश्न विचारू नका. तो विचारला जाईल म्हणून कित्येक सुना गोळी गिळून ओट्यापाशी उभ्या राहतात, आणि महिन्याच्या टिंबांची संख्या तिथूनच वाढायला लागते. पुरुषांचेही वेगळे नाही; ऑफिसात डोकेदुखीसाठी सुट्टी मागायची लाज वाटते म्हणून तेही गोळीवर दिवस ढकलतात.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना जुन्या तपासण्यांच्या जाड फायलीपेक्षा तीन गोष्टी जास्त उपयोगी पडतात : फुल्या-टिंबांची कॅलेंडरची पाने, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, आणि अटॅकच्या वेळी तुम्हाला पाहिलेले घरातले एक माणूस.